सातपानी

मल्लिनाथनं घरातली शेवटची सातपानी बाज स्वतःच्या हातानं उसवली आणि ती परत विणता येईना, तेव्हा खापर फोडलं ते पत्र्यापलीकडच्या वैनीच्या डोक्यावर. माणूस पहिल्यापासून तसलाच. तेहतीस वर्षं लातूरला वीज मंडळात खांबावर चढला, त्यात जिवाची जोखीम होती, हे कुणी नाकारत नाही. पण फ्यूज उडाला तर तो खाली उभ्या असलेल्या मदतनिसामुळं, ही त्याची समजूत निवृत्तीनंतरही सुटली नाही.

निवृत्त होऊन तो देवणीजवळच्या आपल्या गावी आला आणि वर्षभरात रिकामपण अंगावर यायला लागलं. मग मोबाइलवर बघून बाजा विणायला शिकला. साधी चौकडी, नायलॉनची दोरी. सोयऱ्यांना चार बाजा विणून दिल्या. सोयरे वा वा म्हणाले. फुकट मिळालेल्या बाजेला कोण नावं ठेवतो? गडी मात्र अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला आणि सातपानीच्या मागं लागला.

सातपानी ही त्याच्या थोरल्या भावाची, सिद्धेश्वरची वीण. अंबाडीच्या दोरीची. बाजेच्या मधोमध सात पानं उमललेली, आणि झोपणाऱ्याच्या पाठीला एक गाठ लागत नाही. लेकीच्या लग्नात द्यायची बाज सिद्धेश्वरकडूनच विणून घ्यायची, असा आसपासच्या गावांत एक काळ होता. सिद्धेश्वर वारला त्याला नऊ वर्षं झाली. घराघरांत लोखंडी कॉट आले, जुन्या बाजांची लाकडं चुलीत गेली. एकच उरली होती आणि ती वाटणीत मल्लिनाथकडं आलेली होती.

त्यानं ठरवलं, एकेक फेरा उसवायचा, फोटो काढायचा, आणि मग शेवटच्या फोटोपासून मागं जात विणायचं. एकशे चाळीस फोटो निघाले. संध्याकाळी अंगणात दोऱ्यांचा एक ढीग होता आणि मोबाइलमध्ये एकशे चाळीस. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यात जुनी दोरी जागोजाग तुटली.

अंगणाच्या मधोमध अकरा वर्षांपासून पत्रे उभे होते. वाटणीच्या वेळी भांडण एवढं पेटलं की भिंत बांधायलाही कुणाला धीर नव्हता. पलीकडं वैनी, साखराबाई, एकटी राहायची. या अकरा वर्षांत ती दिराशी मोजून चार शब्द बोलली असेल आणि त्यातले तीन शिव्या होत्या. त्या संध्याकाळी पत्र्यावरून तिचं डोकं दिसलं.

"उसवलंस का?"

"शिकायचंय मला," मल्लिनाथ म्हणाला.

"शेवटची व्हती ती."

एवढंच बोलून ती खाली उतरली. ती रडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मल्लिनाथला बरं वाटलं असतं. त्याला उलट उत्तर द्यायची सवय होती. गप्प बसलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं, ते त्याला कधीच जमलं नव्हतं.

आठ दिवस तो एकटा झटला. नवीन अंबाडीची दोरी उदगीरहून आणली, चौकट धुऊनपुसून घेतली. पहिलं पान काही उमलेना. शेवटी बायको म्हणाली, "तुमचे भाऊ विणायचे तवा समोर वैनी बसायच्या. त्यांनाच इचारा की." हे ऐकून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण दुसरा इलाज नव्हता. सातपानी एकट्यानं होत नाही, हे त्यालाही माहीत होतं. बाज लांब बाजूवर उभी करायची. एकानं एका अंगाला बसून फेरा धाडायचा, समोरच्यानं दोऱ्या उचलून तो परत पाठवायचा. धाडणाऱ्याची ती वीण, असं लोक म्हणत. समोरच्याला कुणी काही म्हणत नसे.

साखराबाईनं दारातच ऐकून घेतलं. आत ये म्हणाली नाही.

"पंधरा दिसांनी रविवारी माझी वर्षा येणार हाय टेम्पो घेऊन. मी किनवटला चालले लेकीकडं, कायमची. तवर जेवढं व्हईल तेवढं. आन् बाज माझी."

"बाज घ्या की. मला वीण पाहिजे."

"चुकलास की हातावर मारीन. मी खाल्लाय, तू बी खाशील."

"या वयात?"

"मला मारलं तवा मी लहान नव्हते."

कुणी कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा, हा प्रश्न उरला होताच. ती त्याच्याकडं यायला तयार नव्हती, आणि तिच्याकडं जायचं तर त्याचं नाक कापलं जाणार होतं. शेवटी त्यानं मधला एक लांब पत्रा काढला आणि त्या मोकळ्या जागेत विटांच्या रांगेवर बाज उभी केली. तो आपल्या अंगणात, ती आपल्या अंगणात, आणि मध्ये चौकट. खालची दांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर आली होती. एकमेकांची फक्त तोंडं आणि हात दिसत होते, आणि तेवढंही दोघांना जास्तच वाटत होतं.

पहिल्या दिवशी मल्लिनाथनं सात दोऱ्यांचा जुडगा हातात घेतला आणि तो कुठून धाडायचा तेच त्याला कळेना. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर काम केलेला माणूस. पण लाइनचं गणित त्याला पाठ होतं, या दोऱ्यांचं नव्हतं. अठ्ठावीस टोकं वरच्या दांडीवरून लोंबत होती आणि प्रत्येक टोक सारखंच दिसत होतं. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली की तो चिडायचा.

त्यानं सातही दोऱ्या पलीकडं सारल्या. साखराबाईनं न बघता बोटं चालवली, काही उचलल्या, काही सोडल्या, जुडगा परत आला. दुसरा फेरा गेला, आला. तिसरा गेला आणि पलीकडून बांबूची छडी सपकन मनगटावर बसली.

"चुकलं."

"काय चुकलं?"

"उसव."

त्यानं उसवलं, पुन्हा धाडलं. पुन्हा तिसऱ्या फेऱ्याला छडी. दिवसभरात अठरा वेळा. संध्याकाळी चौकटीवर चार बोटंही वीण नव्हती आणि मल्लिनाथच्या मनगटावर वळ उठले होते. बायकोनं हळद लावली आणि तोंड फिरवून हसली, ते त्यानं पाहिलं.

दुसरा दिवस तसाच, तिसराही तसाच. त्यानं कधी घट्ट ओढलं, कधी सैल सोडलं, कधी जुडगा उलटा धाडला. पलीकडून एकच शब्द यायचा. कधीकधी ती जास्तीचं बोलायची आणि ते त्याहून वाईट असायचं. "खांबावर चढून चढून बोटाची लाकडं झाली तुझी." "तुझा भाऊ डोळे झाकून धाडायचा." "दावं वळायला बस, तेच जमंल तुला."

चौथ्या दिवशी दुपारी त्याचा बांध फुटला. जुडगा खाली टाकून तो उभाच राहिला.

"वैनी, सरळ सांगा. तुम्हाला सगळं ठावं हाय आन् तुम्ही दाबून बसलाव. मेलेल्या माणसाची विद्या माझ्या हाती लागू नये म्हून करून राहिलाव हे."

साखराबाईनं छडी बाजूला ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"मला ठावं न्हाई."

"खोटं."

"त्याच्याकडनं कवा सात दोऱ्या यायच्या, कवा सहा. सातवी मागून यायची, पुढच्या फेऱ्याला. सहा आल्या की माझा हात येगळा फिरायचा. पर सातवी कवा थांबवायची आन् तवर कुठं धरून ठेवायची, ते मला दावलंच न्हाई त्यानं. इचारलं तर म्हणायचा, तू तुझं बघ. आता कवा थांबवायची ते मला अंदाजानं कळतं, बोटं आवघडली की. कुठं ठेवायची ते अजून न्हाई कळलं."

"तीस वर्षं समोर बसून?"

"तीस वर्षं समोरच बसून." तिनं उजवा हात चौकटीतून पुढं केला. मधलं बोट पेरातून वाकडं होतं. "हे पयल्या सालातलं. तू बसणार व्हतास इथं. तुला बसवलं, तू दोन दिसांत लातूरला पळालास, आन् मग मला बसवलं. मला कुणी इचारलं न्हाई बसतीस का म्हून."

मल्लिनाथ खाली बसला. त्याला ते दोन दिवस आठवले. भावानं हाणलेल्या छड्या आठवल्या आणि पहाटेची एसटी आठवली. आपल्या जागी कोण बसलं असेल, हा विचार तेव्हा मनात आला नव्हता आणि नंतरच्या पंचेचाळीस वर्षांतही आला नाही. आता तो आला, पण फार वेळ टिकला नाही. कारण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला आणि त्यानं मल्लिनाथला चक्क आनंद झाला. वैनीला ठाऊक नाही. म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. आपण शोधलं तर ते आपलं एकट्याचं. आता हा काही चांगल्या माणसाचा आनंद नव्हे, पण झाला तो झाला.

तेव्हापासून त्यानं सातव्या दोरीचा ध्यास घेतला. "आता थांबव," असं ती म्हणाली की तो ती दोरी वेगळी काढायचा आणि धरून ठेवायला जागा शोधायचा. दोन्ही हात सहा दोऱ्यांत अडकलेले. दातांत धरली, दाढ ठणकली आणि दोरी सुटली. चौकटीला खिळा ठोकून त्यावर गुंडाळली, तर पलीकडून छडी. "ताण मेला. ती मेलेली नगं, जिती पायजे." म्हणजे बाकीच्या सहा आवळत जातील तशी सातवी थोडी थोडी सैल सुटली पाहिजे, तिच्या मनानं नाही, धरणाऱ्याच्या. कपड्याचा चिमटा लावला, वीट ठेवली, बायकोला धरायला सांगितलं. बायकोनं कढी उतू जायला लागल्याचं निमित्त करून दोरी सोडली. रविवार जवळ येत होता. साखराबाईच्या घरातली भांडी पोत्यात भरली जात असल्याचा आवाज रोज यायचा, आणि त्या आवाजानं मल्लिनाथचं पित्त खवळायचं.

नवव्या दिवशी तो वैतागून पायताण काढून बसला होता. सातवी दोरी हातातून सुटून खालच्या दांडीखाली मातीत लोंबली. ती पलीकडं जाऊ नये म्हणून त्यानं डाव्या पायाचा अंगठा तिच्यावर दाबला, आणि सवयीनं पुढचा फेरा धाडला. सहा दोऱ्या गेल्या. पलीकडं साखराबाईची बोटं क्षणभर थबकली आणि मग अशी चालायला लागली की त्यानं तशी ती कधी पाहिली नव्हती. जुडगा परत आला. अंगठा जरासा उचलावा तशी दोरी जराशी सुटत होती, दाबावा तशी थांबत होती. पुढच्या फेऱ्याला त्यानं सातवी मोकळी केली. ती मागून आली आणि पानाची कड सुरीनं कापल्यागत सरळ बसली.

छडी आली नाही.

दुपारपर्यंत अर्धं पान झालं. संध्याकाळपर्यंत पुरं.  मल्लिनाथला वाटलं, आत्ता उठावं आणि गावभर सांगत सुटावं. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडला तेव्हासुद्धा त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. वीण वर चढत होती, समोरच्या बाईचं तोंड तिच्यामागं झाकत चाललं होतं, आणि तेही त्याला सोयीचंच होतं.

"कुठं ठेवलीस?" विणीपलीकडून आवाज आला.

"काय?"

"सातवी."

मल्लिनाथनं डावा पाय लुंगीखाली ओढून घेतला. खालच्या विटांमुळं तिला काही दिसणार नव्हतं, तरी घेतला. बासष्ट वर्षांचा माणूस पाय लपवत होता.

"हाताला कळलं आपोआप. सांगता येण्यासारखं न्हाई."

"हाताला काय कळलं ते दाव."

"वैनी, तुमच्याकडं दोऱ्या टायमावर येऊन राहिल्या ना? मग झालं की."

 मग तिनं पुन्हा एकदा विचारलं, आणि या वेळी आवाजात काहीतरी वेगळं होतं. अकरा वर्षांत काय, पन्नास वर्षांत तिनं या घरात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. "मला फक्त बघायचंय रे. मी काय करणार हाय आता? बघायचंय निस्तं."

मल्लिनाथला एका क्षणी वाटलं, दाखवावं. खरंच वाटलं. मग वाटलं, ही बया किनवटला जाऊन लेकीला सांगेल, लेक आणखी कुणाला, आणि मग वीण आपली कशी राहणार? त्यानं पुढचा जुडगा धाडला. "उजेड हाय तवर हाणू दोन फेरे," तो म्हणाला.

साखराबाईनं दोन फेरे हाणले. त्यानंतर तिनं विचारलं नाही. रोज सकाळी येऊन बसायची, बोटं चालवायची, संध्याकाळी उठून जायची. आता ती चुकलं म्हणत नव्हती, टोमणेही मारत नव्हती. मल्लिनाथला आधीचं बरं वाटायला लागलं.

रविवारी दहाच्या सुमाराला वर्षाराणी टेम्पो घेऊन आली. बाजेवर पाच पानं झाली होती, दोन उरली होती. पोती, ट्रंक, पिठाचा डबा चढला. वर्षाराणी म्हणाली, "काका, बाज?"

"अजून पुरी न्हाई," मल्लिनाथ म्हणाला आणि उठला. उठला खरा, पण डावा पाय टेकवेना. सहा दिवस दोरी दाबून अंगठा सोलून निघाला होता. चौकटीला धरून तो लंगडत दोन पावलं चालला.

साखराबाई आपल्या अंगणात उभी होती. ती त्याच्या पायाकडं बघत राहिली. मग बाजेच्या कडेनं, पत्र्यातल्या मोकळ्या जागेतून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या अंगणात आली. तो बसायचा तिथं मातीत अंगठ्याचा खड्डा पडला होता. दोरी अजून तिथंच लोळत होती. ती खाली बसली, आपला डावा अंगठा त्या खड्ड्यात ठेवला, दोरी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"घट्टा व्हता त्याच्या ह्याच अंगठ्याला," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती, सांगता येत नाही. "चप्पल चावती म्हणायचा. रोज रात्री तेल लावायचे मी. तीस वर्षं चोळला तो घट्टा."

 वर्षाराणीला त्यातलं काही कळलं नव्हतं. मल्लिनाथला सगळं कळलं होतं आणि तो खाली बघत होता.

साखराबाई उठली, हात झटकले. "वर्षे, बाज चढव."

"वैनी, दोन पानं राहिलीत," मल्लिनाथ म्हणाला. "अर्धवट नेऊन काय करणार? तिथं समोर कोण बसंल?"

"वर्षा बसंल."

"तिला कुठं येतंय?"

"न्हाई येत. म्हून आधी तिला माझ्या शेजारी बसवीन. पाय बी दावीन, हात बी दावीन. मग म्हणीन, समोर बस."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मल्लिनाथला वाटलं, आता शिवी येईल, आणि शिवी आली असती तर त्यानं ती घेतलीही असती. ती नुसती वळली आणि टेम्पोत पुढं जाऊन बसली. बाज दोऱ्यांसकट वर चढली. लोंबणारी टोकं वर्षाराणीनं नीट गोळा करून बांधली आणि टेम्पो उदगीरच्या रस्त्याला लागला.

मल्लिनाथनं दोन दिवस पाय भिजवून घेतला आणि मनाची समजूत घातली. बाज गेली तर गेली, आपल्याला वीण पाहिजे होती, ती मिळाली. तिसऱ्या दिवशी त्यानं नवी चौकट विटांवर उभी केली, अठ्ठावीस टोकं बांधली, पायताण काढून बसला. पहिला फेरा धाडला, उठून पलीकडं गेला, अंदाजानं दोऱ्या उचलल्या, परत आला. तिसऱ्या फेऱ्याला सातवी दोरी अंगठ्याखाली घेतली आणि सहा पलीकडं सारल्या. आता पलीकडं जायचं तर पाय उचलायला हवा होता. उचलला की सातवी सुटत होती. त्यानं चारदा करून पाहिलं. चारदा सुटली.

मग त्यानं बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, कुरकुरत समोर बसली, आणि पलीकडं आलेल्या सहा दोऱ्या हातात धरून म्हणाली, "हं. आता ह्यातल्या कोणत्या उचलू?"

मल्लिनाथ तिच्या बोटांकडं बघत राहिला. चौदा दिवस तो वैनीसमोर बसला होता. ती छडी कशी उचलते, ते त्याला पाठ होतं. तिच्या बोटांनी कुठल्या दोऱ्या उचलल्या आणि कुठल्या सोडल्या, ते त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. ती काय करते हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"सांगा की," बायको म्हणाली.

त्याला सांगता येईना. बायको दोऱ्या सोडून भाकरी टाकायला उठून गेली.